ठिणगी नेमकी कशाची?

बोटभर लांबीची, करड्या रंगाची धातूची कांडी. बादलीतल्या पाण्यात बुडवून काढावी, सदऱ्याला पुसावी आणि सुरीच्या पाठीकडच्या टोकदार कडेनं जोर लावून खरवडावी. पांढऱ्या-नारिंगी ठिणग्यांचा झोत उडतो. या ठिणग्यांचं तापमान 3000 अंश सेल्सिअसच्या आसपास जातं. लोखंड वितळायला 1538 अंश पुरतात. म्हणजे सुरीचं पातं ज्या तापमानाला पाणी होईल, त्याच्या जवळजवळ दुप्पट तापलेले कण त्याच पात्यावरून उडत असतात आणि सुरीला काहीही होत नाही. हातावर एखादा कण पडला, तर चटका बसतो न बसतो तोच तो विझलेला असतो.

ही फेरो रॉड. सह्याद्रीत फिरणाऱ्या ट्रेकरांच्या पिशवीत ती असते, आणि आता घरपोच माल मागवायची सोय खेडोपाडी झाल्यामुळे परभणी जिल्ह्यातल्या पूर्णा तालुक्यात, ताडकळससारख्या बाजाराच्या गावीही ती दोन-चार दिवसांत येऊन पडते. तिथल्या शेतातल्या आखाड्यावर तिचा उपयोग काय, असं कुणी विचारेल. काडेपेटी दोन रुपयांना मिळते. प्रश्न रास्त आहे. पण ही कांडी हातात धरली की जे काही घडतं त्याचा माग काढत गेलं, तर वाट ताडकळसच्या काळ्या रानातल्या गारांपासून थेट केरळच्या वाळूपर्यंत आणि व्हिएन्नातल्या एका रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेपर्यंत जाते. आणि मग फिरून कापसाच्या बोंडाशी येते, कारण ठिणगी पाडणं हे यातलं सोपं काम आहे. ती झेलायची कशात, हे कळायला हवं, आणि ते या भागाला फार पूर्वीपासून कळलेलं आहे.

आधी घरातल्या विस्तवाचं बोलू. काडेपेटी येण्यापूर्वी खेड्यातली बाई रोज सकाळी नव्यानं आग पेटवत नसे. रात्रीचा स्वयंपाक उरकला की चुलीतले निखारे राखेत पुरून ठेवायचे, पहाटे राख बाजूला सारून त्यावर वाळली गोवरी धरायची आणि फुंकर मारायची. निखारा मेलाच, तर खापराचा तुकडा नाहीतर गोवरीचं खांड घेऊन शेजारी विस्तव मागायला जायचं. राख उष्णता धरून ठेवते आणि हवा अगदी बेतानं आत सोडते, म्हणून निखारा रात्रभर धुमसत राहतो. पानटपरीवर टांगलेला जळता सुंभ हा त्याच युक्तीचा चुलत भाऊ. काथ्याचा पीळ घट्ट असल्यामुळे ज्वाळा धरत नाही आणि सहजी विझतही नाही, दिवसभर बिड्या पेटवत राहतो. अग्निहोत्री घरांत अरणी घासून अग्नी काढण्याची रीत होती, पण ती यज्ञापुरती. लाकडावर लाकूड घुसळून ठिणगी उडत नाही, काळ्या भुशाचा धुमसता कण तयार होतो. ते तंत्रच निराळं.

म्हणजे घरात ठिणगीची गरज क्वचितच पडे. ती लागायची चुलीपासून लांब असणाऱ्यांना: ज्वारीची जागल करणाऱ्या माळ्यावरच्या माणसाला, मेंढरांमागे चार-चार महिने फिरणाऱ्या धनगराला, बैलगाड्यांच्या तांड्याला, वाटसरूला. त्यांच्या चंचीत तंबाखू-चुन्याबरोबर गार, पोलादाचा तुकडा आणि कापूस ही तीन वस्तूंची जोडणी असे. हीच चकमक.

गारेसाठी या माणसांना कुठं लांब जावं लागत नसे. मराठवाड्याची काळी जमीन ज्या बेसॉल्टपासून झाली, तो दख्खनच्या लाव्ह्याचा थर सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीचा. लाव्हा थंड होताना आतल्या वायूंचे बुडबुडे जागच्या जागी अडकले आणि खडकात पोकळ्या राहिल्या. पुढं लाखो वर्षं त्यांतून सिलिका विरघळलेलं पाणी झिरपत राहिलं आणि थरावर थर बसून कॅल्सेडनी, अकीक, जास्पर, स्फटिक तयार झाले. बेसॉल्ट झिजून त्याची माती झाली, या गाठी मात्र झिजल्या नाहीत. नांगरटीनंतर पहिला पाऊस पडून गेला की काळ्या ढेकळांत पांढऱ्या, निळसर, लालसर गारा धुऊन चमकायला लागतात, त्या याच. गोदावरीच्या गोट्यांतही त्या सापडतात. मोहस मोजपट्टीवर त्यांची कठीणता साडेसहा ते सात, म्हणजे चांगल्या पोलादापेक्षा किंचित जास्त. हा किंचितपणा पुढं महत्त्वाचा ठरतो.

अशा गारांशी महाराष्ट्रातल्या माणसाची ओळख फार जुनी. डेक्कन कॉलेजनं पुणे जिल्ह्यात इनामगावला 1968 ते 1983 या काळात उत्खनन केलं. तिथं आणि त्याआधी नेवाशाला कॅल्सेडनीची पाती सापडली. बोटभर लांबीची, दाढीच्या ब्लेडसारखी पातळ, एका दगडातून एकापाठोपाठ एक काढलेली. हे साडेतीन हजार वर्षांपूर्वीचे शेतकरी. त्यांच्या घरांत चुली होत्या, हातात रोज गार होती, पण गारेवर पोलाद आपटून आग काढणं त्यांना शक्य नव्हतं, कारण लोखंडच नव्हतं. महाराष्ट्रात लोखंड जुन्यात जुनं दिसतं ते विदर्भातल्या शिळावर्तुळांच्या लोकांकडे. नागपूरकडच्या नाईकुंडला त्यांची लोखंड गाळायची भट्टीही सापडली आहे. लोखंडाआधी ठिणगी हवी, तर गंधक आणि लोखंडाचं संयुग असलेलं पायराइट नावाचं पिवळं खनिज लागे. आल्प्सच्या बर्फात 1991 साली सापडलेल्या 5300 वर्षांपूर्वीच्या माणसाजवळ झाडावरच्या अळंबीचा वाळला तुकडा होता आणि त्यावर पायराइटचे कण चिकटलेले होते. म्हणजे त्याच्याकडेही ठिणगी झेलणारी वस्तू तयारच होती.

चकमक झाडताना काय होतं ते जवळून पाहण्यासारखं आहे. डाव्या हातात गार, तिची ताजी फुटलेली पातळ कड बाहेर. कडेच्या अगदी लगत, अंगठ्याखाली, काळा पडलेला कापूस दाबलेला. उजव्या हातातलं पोलाद त्या कडेवरून निसटतं मारायचं, आपटायचं नाही. गार पोलादाहून जराशी कठीण, म्हणून तिची कड पोलादाचा बारीक कीस काढते. तो कीस घर्षणानं तापतो, हवेतल्या प्राणवायूशी जळतो आणि लालसर ठिणगी म्हणून उडतो. तेव्हा जळतं ते लोखंड, दगड नव्हे. गार झिजते, बोथट होते, पुन्हा फोडून कड काढावी लागते, पण तिच्यातून आग निघत नाही. दगडात आग दडलेली असते, ही समजूत जगभर होती आणि दिसतं तसं मानलं तर ती स्वाभाविकच होती.

साधं मऊ लोखंड इथं चालत नाही. त्याचा कीस मोठा निघतो आणि तापत नाही. कर्ब जास्त असलेलं, पाणी दिलेलं पोलादच हवं. म्हणून जुन्या कानशीच्या तुकड्याची चकमक उत्तम, हे लोहारकाम जाणणाऱ्या कुणालाही सांगावं लागत नाही. सहाणेच्या फिरत्या चाकावर पोलाद धरलं की ठिणग्यांची फुलं फुटतात आणि मऊ लोखंड धरलं की नुसत्या सरळ रेषा निघतात. कर्बामुळे तो फरक पडतो, आणि मुरलेला कारागीर ठिणगीवरूनच मालाची जात सांगतो.

बंदुकीतही हीच गोष्ट घडली. मराठी फौजांत अठराव्या शतकातही तोड्याच्या बंदुकांचा भरणा मोठा होता. तोडा म्हणजे पेटती सुती दोरी. पावसात ती विझायची, अंधारात तिचा ठिपका शत्रूला दिसायचा. महादजी शिंद्यांच्या कवायती पलटणींसाठी त्यांचा युरोपीय सेनानी द बॉइन यानं आग्र्याला हत्यारांचा कारखाना काढवला तेव्हा चापाला गार लावलेल्या बंदुका आपल्याकडे बनू लागल्या. तो विषय स्वतंत्र लेखाचा, इथं एवढंच.

मग काड्या आल्या. इंग्लंडात जॉन वॉकरनं 1827 साली घासून पेटणाऱ्या काड्या विकायला ठेवल्या, 1844 साली स्वीडनच्या गुस्ताफ एरिक पाश यानं फॉस्फरस काडीवरून काढून पेटीच्या बाजूला लावण्याची युक्ती नोंदवली आणि काडी बऱ्यापैकी सुरक्षित झाली. आपल्याकडे स्वीडिश मालकीच्या विमको कंपनीची स्थापना 1923 सालची आणि तिचा कारखाना अंबरनाथचा. त्याच सुमारास शिवकाशीनंही हा धंदा उचलला. चकमक चंचीतून गेली ती या काळात, आणि गेली तेव्हा कुणाला हळहळ वाटली असेल असं वाटत नाही. काडी खरोखरच सोयीची होती. अगदी परवापर्यंत, म्हणजे डिसेंबर 2021 पर्यंत, पेटी एक रुपयाला होती, आणि तो एक रुपयाही चौदा वर्षं टिकलेला.

फेरो रॉडची कथा मात्र काडीच्या पुढची, आणि तिची सुरुवात उजेडाच्या धंद्यातली. कार्ल आउअर फॉन वेल्सबाख, जन्म व्हिएन्नाचा, 1858 सालचा. हायडेलबर्गला बुन्सेनच्या हाताखाली शिकलेला. दुर्मिळ मृदा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, एकमेकांपासून वेगळ्या करायला महाकठीण अशा मूलद्रव्यांवर त्यानं आयुष्य घालवलं. 1885 साली, तोवर एकच मूलद्रव्य समजल्या गेलेल्या डिडिमियमचे त्यानं दोन तुकडे केले: निओडिमियम आणि प्रेसिओडिमियम. याच कामातून त्याला दिसलं की काही क्षार कापडात मुरवून ते कापड गॅसच्या ज्योतीवर धरलं, तर कापड जळून जातं आणि मागं उरलेला क्षारांचा सांगाडा लख्ख उजळतो. सुरुवातीच्या जाळ्यांचा उजेड हिरवट होता, धंदा बसला. 1891 साली त्यानं 99 टक्के थोरियम ऑक्साइड आणि 1 टक्का सेरियम ऑक्साइड हे प्रमाण बसवलं आणि सगळ्या युरोपचे रस्ते उजळले.

आपल्या गॅसबत्तीचं मेंटल ते हेच. वीज गावोगाव पोहोचण्यापूर्वी लग्नाची वरात, हरिनाम सप्ताह, तमाशाचा फड, जत्रेतली दुकानं, सगळं काही गॅसबत्तीवर चाले. नवं मेंटल बांधून एकदा जाळलं की राखेची जाळी उरायची. ती इतकी नाजूक, की पावसाळ्यात एखादं पाखरू आत शिरून धडकलं तरी भोक पडायचं आणि बत्ती भरकन काळवंडायची. त्या राखेच्या जाळीत थोरियम होतं, आणि ते आलेलं होतं समुद्राच्या वाळूतून.

त्या वाळूचं नाव मोनाझाइट. आधी ती ब्राझीलहून युरोपात जाई. 1909 साली शोंबर्ग नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाला त्रावणकोरहून आलेल्या काथ्याला चिकटलेल्या वाळूत मोनाझाइट दिसलं. काथ्या कुठून निघाला याचा शोध घेत तो कन्याकुमारीजवळच्या मनवलकुरिचीला पोहोचला आणि तिथं वाळू वेगळी करण्याचा धंदा उभा राहिला. पुढं केरळातलं चवरा हे दुसरं केंद्र झालं. कोकण किनाऱ्यावरही रत्नागिरीच्या बाजूला काळी जड वाळू आहे, पण ती मुख्यतः इल्मेनाइटची. स्वातंत्र्यानंतर मोनाझाइट बाहेर पाठवणं भारतानं थांबवलं, 1950 साली इंडियन रेअर अर्थ्स ही सरकारी कंपनी निघाली, केरळात अलुवाला वाळू फोडण्याचा कारखाना झाला, आणि 1955 साली मुंबईत तुर्भ्याला थोरियम नायट्रेट बनू लागलं. डॉ. होमी भाभांचा डोळा थोरियमच्या अणुइंधनावर होता. बाजारात मात्र त्या नायट्रेटचं गिऱ्हाईक होतं गॅसबत्तीच्या जाळ्या करणारा कारखानदार. अणुयुगाची तयारी आणि सप्ताहातला उजेड एकाच कारखान्यातून निघाला, याचं मला अजून नवल वाटतं.

आता कांडीकडे येऊ. जाळीत थोरियम 99 भाग आणि सेरियम एकच भाग. वाळूत प्रमाण याच्या जवळजवळ उलटं: थोरियम थोडं, आणि सेरियम, लँथॅनम, निओडिमियम वगैरे पुष्कळ. त्यामुळे थोरियम काढून घेतल्यावर आउअरच्या कारखान्यामागे सेरियमयुक्त गाळाचे ढीग साचत चालले. फेकून द्यायचं, तर जिवावर येणारा माल. त्यातून विजेच्या साहाय्यानं त्यानं धातू काढून पाहिला. या मिश्र धातूला मिशमेटल म्हणतात. कानस लावली की तो ठिणग्या टाकतो, पण फार मऊ, कीस नीट सुटत नाही. त्यात सुमारे 30 टक्के लोखंड मिसळल्यावर धातू कठीण आणि ठिसूळ झाला आणि ठिणग्यांचा पाऊस पडू लागला. 1903 साली त्यानं पेटंट घेतलं, आणि ऑस्ट्रियातल्या ट्राइबाख गावी कारखाना काढला. काडेपेटीवर जगणाऱ्या दुनियेत खिशातला लायटर शक्य झाला तो या तुकड्यामुळे.

सिगारेट लायटरच्या चाकाखाली स्प्रिंगवर बसवलेला जो बारीक तुकडा असतो, त्याला आपण सहजपणे खडा म्हणतो. तो दगड नाही, हाच मिश्र धातू आहे. फेरो रॉड म्हणजे तोच खडा, हातात धरता येईल एवढा मोठा केलेला. आजच्या कांडीत सेरियम सर्वांत जास्त, मग लँथॅनम, लोखंड, थोडं निओडिमियम आणि प्रेसिओडिमियम, आणि ठिणगी जास्त वेळ तगावी म्हणून थोडं मॅग्नेशियम.

गंमत अशी, की हाताची हालचाल चकमकीचीच, आणि आतला व्यवहार बरोब्बर उलटा. चकमकीत दगड कठीण, तो पोलादाला खरवडतो आणि पोलाद जळतं. इथं पोलाद कठीण, ते कांडीला खरवडतं आणि कांडी जळते. म्हणून खरवडायला पोलादच हवं असंही नाही. ताज्या कडेची गार, फुटक्या काचेची धार, करवतीच्या पात्याचा तुकडा, काहीही चालतं. ताडकळसच्या रानातली गारगोटी कांडीवर ओढली तर ठिणगी उडते. नव्या धातूलाही जुनी गार चालते.

मग कांडीच्या ठिणग्या इतक्या तापतात का? एक कारण असं, की सेरियमचा कीस पेटायला 150 ते 180 अंश पुरतात. खरवडण्याच्या घर्षणात एवढी उष्णता आरामात मिळते. दुसरं, तो प्राणवायूशी जुळताना फार मोठी ऊर्जा सोडतो. एका अणूमागे हिशेब केला तर लोखंड गंजताना जितकी उष्णता निघते, त्याच्या अडीच पटींहून जास्त. चकमकीची लाल ठिणगी आणि कांडीची पांढरट ठिणगी यांतला फरक डोळ्यांना दिसतो तो इथला. आणि ठोकळा का पेटत नाही, नुसता कीसच का? कारण हवा लागते ती पृष्ठभागाला. ठोकळ्याचा पृष्ठभाग वजनाच्या मानानं नगण्य, किसाचा प्रचंड. गव्हाचं पोतं सहजी पेटत नाही, पण गिरणीतल्या पिठाच्या धुरळ्याचा भडका उडू शकतो, तसंच हे.

स्वयंपाकघरातला बंदुकीसारखा लायटर यात मोडत नाही. त्यात स्फटिकासारख्या सिरॅमिकच्या तुकड्यावर छोटा हातोडा आदळतो आणि दाबामुळे वीज तयार होते. 1880 साली प्येर आणि झाक क्युरी या भावांनी दाखवलेला हा परिणाम. त्या विजेच्या ठिणगीनं गॅस पेटतो, कापूस सहसा पेटत नाही.

आता काम सुरू करू. 3000 अंश हा आकडा ऐकून माणूस कापसाच्या जाड्या पऱ्हाटीवर ठिणग्या पाडायला लागतो आणि दमून बसतो. तापमान प्रचंड असलं तरी कण धुळीएवढा, त्याच्याजवळची एकूण उष्णता चिमूटभर. ती चिमूटभर उष्णता जिला पुरेल, अशी तंतूएवढी बारीक वस्तू समोर हवी. परदेशी व्हिडिओंत बर्च झाडाची साल ओरबाडून दाखवतात. बर्च आपल्याकडे हिमालयात आहे, भूर्ज म्हणून, परभणीत नाही. तिच्या शोधात जाण्याचं कारणही नाही. ज्या जिल्ह्यात वेचणी संपल्यावरही पऱ्हाटीला कवडी लोंबत असते, तिथं जगातलं एक उत्तम इंधन फुकट आहे.

पण कापूसही बोंडातून काढून तसाच ठेवला तर पेटेलच असं नाही. सरकी काढायची आणि चिमटीत धरून तो विंचरल्यासारखा ओढत राहायचा, पलीकडचं दिसेल इतका विरळ होईपर्यंत. कापूस पेटायला 400 अंशांच्या आसपास तापमान लागतं. विरळ तंतूला ठिणगी तेवढं देते, दाबलेल्या बोळ्याला देत नाही. रुईच्या बोंडातले रेशमासारखे तंतू आणि काटेसावरीचा कापूस यांना तर अशी मेहनतही फारशी लागत नाही. चकमकीच्या लालसर ठिणगीला मात्र ताजा कापूस पुरत नसे. तिच्यासाठी आधी थोडा जाळून, हवा कोंडून काळा केलेला कापूस किंवा सुती चिंधी लागे. कोळसा झालेला धागा कमी उष्णतेत धुमसायला लागतो, ज्वाळा न धरता ठिपका पसरत जातो. झाकणाच्या डब्यात, झाकणाला बारीक भोक पाडून चिंधी भाजली की ती तयार होते. पावसाळी सहलीला जाणाऱ्यांनी कापसाला थोडं व्हॅसलीन चोळून डबीत ठेवावं. ठिणगी तंतू पेटवते, व्हॅसलीन तो जळत ठेवतं, आणि एवढासा बोळा तीन-चार मिनिटं सहज पुरतो.

कांडीवर नवी असताना काळा लेप असतो. तो आधी खरवडून काढायचा, नाहीतर ठिणगी येत नाही आणि लोक माल खोटा निघाला म्हणून शिव्या देतात. कांडीचं टोक कापसात टेकवायचं, सुरीची पाठ तिच्यावर साधारण पंचेचाळीस अंशांत धरायची. सुरीची धार वापरू नये, ती बोथट होते आणि कीसही नीट निघत नाही. मग सुरी जागची हलू न देता कांडीच मागं ओढायची. सुरी पुढं मारली की हात कापसावर जाऊन आदळतो आणि मांडलेलं सगळं उधळतं. वेगापेक्षा दाब महत्त्वाचा: सावकाश, रेटून ओढल्यावर जाड कीस निघतो आणि जाड कीस जास्त वेळ जळतो. गॅस संपलेला लायटरही टाकू नये. चाक अंगठ्यानं हळूहळू फिरवून खड्याची भुकटी कापसावर पाडत राहावी आणि मग एकदा झटक्यानं चाक फिरवावं. भुकटीसकट कापूस भुरकन पेटतो. जून 2023 मध्ये केंद्र सरकारनं वीस रुपयांपेक्षा स्वस्त लायटरच्या आयातीवर बंदी घातली, त्यामागे काडेपेटीच्या धंद्याचा दबाव होता. जुने लायटर जपण्याचं हे आणखी एक कारण धरा.

डिसेंबर-जानेवारीत परभणीकडे पारा एक आकडी होतो, ज्वारीचं कणीस दुधातून चिकात येतं आणि आखाड्यांवर हुरड्याच्या आगट्या लागतात. गूळभेंडी नाहीतर सुरतीची कणसं, जवसाची नाहीतर तिळाची चटणी, गूळ, दही. या आगटीत कांडी वापरून पाहायची असेल तर क्रम असा ठेवावा, की कापसाची ज्योत आधी वाळल्या गवताला किंवा उसाच्या पाचटाला मिळेल. पाचटानंतर तुराटी, कारण ती आतून भुसभुशीत असते, लगेच भडकते आणि लगेच संपते. तिच्या भडक्यात पऱ्हाटी पेटवायची, ती जरा दमानं जळते. या सगळ्याच्या डोक्यावर गोवऱ्या. गोवरीचा भडका संपून निखारा झाला की कणसं आत खोचायची. घाईनं ज्वाळेवर धरलेला हुरडा करपतो आणि आतून कच्चा राहतो, हे सांगायला फेरो रॉडचा लेख लागत नाही.

कांडी पाण्यात बुडवून वापरता येते, पण पाण्यात ठेवता येत नाही. सेरियम दमट हवेत हळूहळू प्राणवायू घेत राहतो, कांडीवर करडी पूड धरते आणि पावसाळाभर ओल्या फडक्यात गुंडाळलेली कांडी दिवाळीपर्यंत खड्डे पडून ठिसूळ होते. वापर झाला की पुसून तिच्यावर तेलाचं बोट फिरवावं. वर्षभर पेटीत पडून राहणार असेल तर नखांना लावायच्या रंगाचा हात द्यावा, पुन्हा खरवडताना तो निघून जातो. किंमत जास्त नसते, आणि त्याचंही कारण वाळूतच आहे. आज जगाला हवं आहे ते निओडिमियम, विजेच्या गाड्यांच्या मोटारींतल्या चुंबकांसाठी. ते काढताना सेरियम ढिगानं निघतं, आणि पृथ्वीच्या कवचात ते जवळजवळ तांब्याइतकं मुबलक आहे. आउअरनं 1885 साली वेगळं केलेलं मूलद्रव्य महाग झालं आणि त्याच्या कारखान्यामागच्या ढिगातलं स्वस्तच राहिलं.

डोळे सांभाळावेत, ठिणगी वर उडते. ज्वारी काढल्यानंतरच्या दिवसांत, कडब्याची बुचाडं उभी असताना, गंजीच्या वरच्या अंगाला, म्हणजे वारा जिकडून गंजीकडे वाहतो त्या बाजूला, आगटी कधीही करू नये. बैलांच्या वर्षभराच्या वैरणीची राख व्हायला कापसाचा एक पेटता पुंजका उडून गेला तरी पुरे. राखीव जंगलात तर 1927 च्या भारतीय वन कायद्याच्या 26व्या कलमाखाली आग पेटवणं हाच गुन्हा आहे, मग ती काडीनं पेटवा नाहीतर कांडीनं. आणि गोवरीचा निखारा वरून राखाडी दिसला म्हणून विझला असं समजू नये, तो राखेखाली दुसऱ्या दिवसापर्यंत जागा असतो. पाणी ओतावं, काठीनं ढवळावं, पुन्हा ओतावं, हाताची पाठ जवळ नेऊन ऊब लागत नाही याची खात्री करावी, आणि मगच बैलगाडी जुंपावी किंवा मोटारसायकलला किक मारावी.